अश्व आणि आरसा : एका उपचारकल्पनेची चिकित्सा

भावनिक अस्वास्थ्य आणि आहारविकार यांनी ग्रासलेल्या किशोरवयीन मुलामुलींच्या उपचारांत घोड्याची योजना करण्याची प्रथा गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिका व ब्रिटन येथे, बरीच रूढ झाली आहे. या पद्धतीच्या समर्थनार्थ झालेल्या लेखनात एक रूपक वारंवार आढळते : घोडा हा माणसाच्या मनाचा आरसा आहे. रुग्णाच्या अंतरंगातील अस्वस्थता घोड्याच्या हालचालींत प्रतिबिंबित होते आणि ते प्रतिबिंब पाहून रुग्णास स्वतःची ओळख पटते, अशी ही विचारसरणी आहे. या रूपकात सत्यांश किती आणि अलंकार किती, याची छाननी होणे अगत्याचे आहे. कारण येथे अलंकाराची किंमत रुग्णास मोजावी लागते.

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. डेन्मार्कच्या लिझ हार्टेल यांना १९४४ मध्ये पोलिओ झाला व त्यांचे पाय गुडघ्यांखाली लुळे पडले. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अश्वारोहणाच्या ड्रेसाज या प्रकारात त्यांनी रौप्यपदक मिळविले. या घटनेने शारीरिक व्यंगावरील अश्वोपचारास मोठी प्रतिष्ठा लाभली. घोड्याच्या चालीमुळे आरूढ माणसाच्या कटिभागास लयबद्ध गती मिळते व त्यास तोल सावरावा लागतो, ही त्यामागील शारीरिक प्रक्रिया समजण्यासारखी आहे. मानसिक व्याधींवरील अश्वोपचार हा मात्र निराळा प्रकार होय. अमेरिकेत १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘इगाला’ या संस्थेच्या मूळ पद्धतीत घोड्यावर बसणे नाहीच. रुग्ण जमिनीवर उभा राहून घोड्यासह काही कामे पार पाडतो. एका प्रकाराची प्रतिष्ठा दुसऱ्याच्या पदरात टाकणे तर्कास धरून नाही.

आता आरशाच्या रूपकाकडे वळू. घोडा माणसाची देहबोली सूक्ष्मपणे टिपतो, हे निर्विवाद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा गणिताची उत्तरे खूर आपटून देत असे. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, प्रश्नकर्त्यास उत्तर ठाऊक नसेल किंवा तो घोड्याच्या दृष्टीआड असेल, तर हान्स चुकतो. योग्य आकडा येताच प्रश्नकर्त्याच्या मस्तकाची नकळत किंचित हालचाल होई आणि ती पाहून घोडा थांबे. या प्रयोगाचे तात्पर्य दुहेरी आहे. माणसास स्वतःसही न जाणवणारी हालचाल घोड्यास जाणवते, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु त्या हालचालीचा अर्थ घोड्यास कळत नाही, हेही तितकेच सिद्ध झाले. गणित हान्सच्या ठायी नव्हते, ते पाहणाऱ्यांनी त्याच्यावर आरोपिले होते.

अश्वोपचारातही हाच धोका संभवतो. एखाद्या मुलीजवळून घोडा दूर सरला, तर ते तिच्या दडपलेल्या क्रोधाचे प्रतिबिंब, असे उपचारक सांगतो. परंतु घोडा हा मूलतः भक्ष्य होणारा, कळपात राहणारा प्राणी आहे. तो वाऱ्याच्या आवाजाने, शेजारच्या घोड्यामुळे किंवा केवळ चंदीच्या ओढीनेही दूर सरेल. अर्थ लावणारा घोडा नसून उपचारक असतो. आरसा म्हटले की या अर्थनिर्णयाची जबाबदारी अदृश्य होते आणि मनुष्याचे अनुमान प्राण्याच्या निष्पाप साक्षीचे रूप घेते. ज्या वयात स्वतःविषयीचे मत अत्यंत दोलायमान असते, त्या वयात अशा साक्षीचे वजन फार पडते.

आहारविकाराच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. रुग्ण मुलगी घोड्यास मायेने चंदी चारते, खरारा करते, यावरून ती पोषणाचा स्वीकार करू लागली, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. परंतु अन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटा येथे ३६ तरुणांवर केलेल्या अर्धोपासाच्या प्रयोगात असे दिसून आले की, उपासमारीने माणसाचे चित्त अन्नाच्याच विचाराने व्यापून जाते. अ‍ॅनोरेक्सियाचे रुग्ण इतरांसाठी हौसेने रांधतात आणि स्वतः उपाशी राहतात, हाही परिचित अनुभव आहे. तेव्हा दुसऱ्या जिवास भरविणे हे आरोग्याचे चिन्ह असेल, तसेच व्याधीचे लक्षणही असू शकेल. निर्णय मुलीच्या स्वतःच्या ताटावरून व वजनावरूनच करावा लागेल.

पुराव्याची स्थिती काय आहे? मायकेल अ‍ॅनेस्टिस, स्कॉट लिलिएनफेल्ड आदींनी २०१४ मध्ये मानसिक विकारांवरील अश्वोपचाराच्या १४ अभ्यासांचे परीक्षण केले व त्या सर्वांत पद्धतीचे गंभीर दोष दाखविले. नावीन्याचा प्रभाव, उपचारकाचे लक्ष, मोकळी हवा यांपासून घोड्याचा परिणाम वेगळा काढणे कठीण असते. उलटपक्षी, लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील १९८७ च्या प्रयोगात, अल्पवयात जडलेल्या व दीर्घकाळ न मुरलेल्या अ‍ॅनोरेक्सियावर कुटुंबास सहभागी करून घेणारा उपचार वैयक्तिक उपचाराहून सरस ठरला. अ‍ॅनोरेक्सिया ही प्राणघातक ठरू शकणारी व्याधी असल्याने येथे वाया गेलेला काळ भरून निघत नाही.

याचा अर्थ पागेचे दार बंद करावे असा नव्हे. समोरासमोर बसून बोलण्यास धजत नसलेले मूल घोड्याच्या सहवासात मोकळे होते, खुशामत न करणाऱ्या प्राण्याशी संयमाने वागण्यास शिकते, स्वतःच्या देहावर खिळलेली दृष्टी क्षणभर दुसरीकडे वळविते; हा लाभ सामान्य असला तरी खरा असू शकतो. पूरक साधन म्हणून त्यास स्थान द्यावे. मात्र त्यासाठी घोड्यास आरसा मानण्याची आवश्यकता नाही. तो घोडा आहे, एवढे पुरेसे आहे.