मनाची साक्षरता : कोणाची आणि कोणत्या भाषेत?

कोरोनाच्या साथीवर कविता लिहिल्या गेल्या, कथा लिहिल्या गेल्या, आणि त्यांची चर्चाही होते. परंतु त्याच काळात आणखी एक लेखन लोकांपुढे आले. मनाचे आरोग्य कसे सांभाळावे हे सांगणाऱ्या पत्रिका व पुस्तिका, असे त्याचे स्वरूप. कोणत्याही साहित्यकृतीला आपण जो प्रश्न विचारतो तोच या लेखनालाही विचारला पाहिजे : हे कोणाला उद्देशून लिहिले आहे, आणि लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर कोणाचे घर आहे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० साली अशी एक पुस्तिका काढली. दिनक्रम ठेवा, संगीत ऐका, वाचन करा, चित्रकला-बागकाम असे जुने छंद पुन्हा हाती घ्या, असा तिचा सल्ला. सल्ला वाईट नाही. मात्र त्यामागे स्वतंत्र खोली, महिन्याचा पगार आणि हाताशी असलेला निवांत वेळ गृहीत धरलेला आहे. हे पांढरपेशा घराचे चित्र आहे. त्याच वर्षी ८ मे रोजी, तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ, जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे पायी निघालेले १६ मजूर रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. त्यांच्या मनावरचा ताण कोणत्या छंदाने उतरणार होता? मजुरी बुडालेल्या माणसाला 'चिंता करू नका' असे सांगणे म्हणजे त्याच्या चिंतेचे कारण नाकारणे होय.

दुसरा मुद्दा शब्दांचा. 'सामाजिक अंतर' हा शब्द या साथीत सर्रास वापरला गेला. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' हा शब्द अधिक योग्य म्हणून सुचवला होता; तरी आपल्याकडे जुनाच शब्द चालू राहिला. ज्या समाजाने गावकुसाबाहेर वस्ती वसवली, ओंजळीत वरून पाणी ओतले, त्या समाजात हा शब्द केवळ वैद्यकीय राहू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या 'लांब हो' ऐकलेल्या मनाला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मनाच्या आरोग्याविषयी बोलणाऱ्यांना या शब्दाची जखम दिसू नये, यातच त्यांची निरक्षरता दिसते.

येथे आपल्याच काही मित्रांचा एक आक्षेप ध्यानात घ्यावा लागेल. ते म्हणतात, आधी भाकरी द्या, मन आपोआप बरे होईल. मला हे मान्य नाही. क्षयरोग उपासमारीत आणि दाटीवाटीच्या वस्तीत फोफावतो. म्हणून आपण क्षयाची गोळी नाकारत नाही. नैराश्याचेही तसेच आहे. त्याचे मूळ पुष्कळदा व्यवस्थेत असते, पण तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळालेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. उपचाराची ही वंचितता आपण क्रांतीच्या नावाने आणखी लांबवावी काय?

मग साक्षरता कशी हवी? माझ्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या आईच्या तोंडी 'नैराश्य' हा शब्द कधी आला नाही. 'जीव घाबरा होतो', 'अन्न गोड लागत नाही', 'डोळ्याला डोळा लागत नाही', असे ती म्हणे. ही लक्षणेच आहेत, आणि ती नेमकी सांगितलेली आहेत. अशी भाषा ज्यांच्याजवळ आहे त्यांना अडाणी ठरवून धडे देणे व्यर्थ आहे. या भाषेत सांगितलेले दुःख डॉक्टरला कळले पाहिजे. आणि हे देवीचे किंवा करणीचे नसून बरे होणारे दुखणे आहे, हे आपल्या माणसांना कळले पाहिजे. शिकणे दोन्ही बाजूंनी हवे.

हे घडू शकते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम साथीपूर्वी राबवला गेला. प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते गावात जाऊन बोलत, धीर देत, गरज पडल्यास डॉक्टरकडे पाठवत. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. साथीत असे दारोदार जाणारे माणूस म्हणजे आशा ताई. त्यांना कोरोनाच्या कामासाठी केंद्राने महिना १,००० रुपये ठरवले, आणि जून २०२१ मध्ये महाराष्ट्रातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला. इतरांचे मन जपणाऱ्या बाईच्या श्रमाची ही किंमत! दूरध्वनीची मदत आली, सप्टेंबर २०२० मध्ये 'किरण', ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलि-मानस', क्रमांक १४४१६. ती अवश्य घ्यावी. पण एका खोलीत सहा माणसे आणि घरात एकच फोन असेल, तर मनातले बोलायचे कुठे?

शेवटी, साक्षरतेचा जो धडा या पुस्तिकांतून वगळला जातो तो हक्काचा. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा शासकीय सेवेत उपचार मिळण्याचा हक्क देतो, आणि त्यात जातीवरून भेदभाव करता येणार नाही असे स्पष्ट म्हणतो. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा गृहीत धरतो, आणि त्याची काळजी घेणे शासनाचे कर्तव्य ठरवतो. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली होणारी मारझोड गुन्हा ठरवली. या गोष्टी वस्तीतल्या बुद्धविहारात, महिला मंडळात, महाविद्यालयाच्या वर्गात सांगितल्या गेल्या पाहिजेत. छंदांची यादी नंतर देता येईल. तालुक्याच्या दवाखान्यात मनाचा डॉक्टर कोणत्या वारी बसतो, आणि बसत नसेल तर का नाही, हे विचारायला शिकवणारी पुस्तिका आता आपणच लिहिली पाहिजे.