मोटारसायकलीवरचा घाट आणि आपले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनांचा विचार करताना प्रवासी कोण होता, तो कोठे गेला व त्याने काय पाहिले, याची चर्चा आपण पुष्कळ करतो. तो कशाने गेला, हा प्रश्न मात्र गौण मानून सोडून देतो. वस्तुतः प्रवाशाची दृष्टी आणि त्याच्या गद्याची चाल या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी वाहनाने ठरवलेल्या असतात. विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास' हा पायी चालणाऱ्याचा ग्रंथ आहे. १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या त्या भिक्षुकाच्या कथनात मुक्काम, भूक, लुटारूंचे भय आणि पायाखालची वाट यांना जे स्थान मिळाले, ते आगगाडीत बसलेल्या मनुष्याच्या लेखनात मिळाले नसते. (चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली तो छापला तेव्हा मजकुरावर बराच हात फिरवला होता. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा ही पायवाटेची चाल अधिक स्पष्ट झाली.) काका कालेलकरांचे हिमालयातील भ्रमणही पायीच झाले आणि त्यांच्या वाक्यांना ती सावकाश गती आहे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' या पुस्तकाचा खेळकर, गप्पिष्ट बाज हा बोटीने व आगगाडीने फिरणाऱ्या, हाताशी वेळ असलेल्या प्रवाशाचा आहे.

अलीकडे या मालिकेत मोटारसायकलस्वाराची भर पडली आहे. दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवण्या यांतून घाटवाटांवरील मोटारसायकल-भ्रमंतीचे लेख आता सर्रास दिसतात. आम्हां सुरतकरांना तर हा विषय दारचा आहे. उधना-लिंबायत भागांत स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांतील तरुण मुले सुट्टी मिळताच मोटारसायकली काढतात. उनाई, वांसदा, वघई करीत ती सापुताऱ्याचा घाट चढतात, आणि पुष्कळजण हतगडाच्या बाजूने उतरून वणीच्या सप्तशृंगीपर्यंत जातात. त्यांपैकी काहीजण लिहूही लागले आहेत. हे लेखन साहित्यचर्चेच्या बाहेरचे आहे, असे समजून दुर्लक्षिणे मला योग्य वाटत नाही. एका पिढीचा सर्वांत उत्कट अनुभव जर या रस्त्यावर घडत असेल, तर तो तिच्या भाषेत नीट उतरतो की नाही, हे पाहणे आपले काम आहे.

तो नीट उतरत नाही, असे खेदाने म्हणावे लागते. या लेखांतून पुन्हापुन्हा भेटते ती हिरवा शालू नेसलेली वसुंधरा, दुधाचे धबधबे आणि ढगांची दुलई. ही शब्दकळा जुनी आहे एवढाच तिचा दोष नाही. लेखकाने हे पाहिलेलेच नसते, हा तिचा खरा दोष होय. घाटात मोटारसायकल चालवणारा मनुष्य दरीकडे बघत नाही. बघेल तर दरीत जाईल. नजर जिकडे, गाडी तिकडे, हा त्या वाहनाचा पहिला नियम आहे. त्याची दृष्टी वळणाच्या पलीकडच्या टोकाला खिळलेली असते, आणि त्याखेरीज तो पाहतो तो रस्ता: सागाचा ओला पालापाचोळा, कडेला साचलेली बारीक खडी, पुढच्या ट्रकने सांडलेल्या तेलाचा सप्तरंगी डाग. उतारावर गिअर खाली आणून इंजिनानेच वेग आवरणे, नाशिककडून भाजीपाला भरून येणाऱ्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वास नाकात शिरणे, वळणात सबंध शरीर गाडीसह एका अंगाला कलणे, हे त्याचे खरे अनुभवद्रव्य. डावीकडे वळण्यासाठी हँडलची डावी मूठ किंचित पुढे रेटावी लागते, म्हणजे पुढचे चाक क्षणभर उलट दिशेला वळून गाडी डावीकडे झुकते. ही चमत्कारिक गोष्ट प्रत्येक स्वाराच्या हाताला ठाऊक असते, परंतु मी वाचलेल्या एकाही लेखात ती आलेली नाही. चढ चढताना हवा थंड होत गेलेली प्रथम मनगटाला कळते, हेही कोणी लिहीत नाही. निसर्ग येथे डोळ्यांपेक्षा त्वचेला अधिक भेटतो, आणि आपली वर्णनपरंपरा मात्र डोळ्यांची आहे. उसन्या विशेषणांचे मूळ या विसंगतीत आहे.

परभाषांत या वाहनाला स्वतःचे गद्य लाभले आहे. टी. ई. लॉरेन्सने 'द मिंट' या पुस्तकात मोटारसायकल व विमान यांच्या शर्यतीचे एक प्रकरण लिहिले. त्याचा मृत्यू १९३५ साली मोटारसायकलच्याच अपघाताने झाला आणि पुस्तक सर्वांसाठी प्रसिद्ध झाले ते १९५५ साली. तो रस्ता घाटाचा नव्हे, पण वेगाचे असे शारीर वर्णन दुर्मिळ. रॉबर्ट पर्सिगने मुलाला मागे बसवून १९६८ साली केलेल्या प्रवासावर १९७४ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात इंजिनाची निगा हाच तत्त्वचिंतनाचा विषय झाला. रॉकी पर्वतातील चढण आणि विचाराची चढण तेथे एकमेकींना सोडत नाहीत. तो ग्रंथ मधूनमधून व्याख्यानासारखा होतो हे खरे, तथापि लेखकाच्या बोटांना ग्रीस लागलेले आहे याबद्दल वाचकाला शंका राहत नाही. चे गव्हेराच्या १९५२ सालच्या दैनंदिनीतील गोष्ट याहून बोधक आहे. त्याची जुनी नॉर्टन गाडी चिली देशात कायमची निकामी झाली, आणि पायी, मिळेल त्या ट्रकवर बसून पुढे जाताना त्याला खाणकामगार व महारोगी भेटले. पुस्तकाचे नाव मोटारसायकलीचे, पण त्याचा गाभा ती बंद पडल्यानंतरचा.

आपल्या लेखकांची गाडी बंद पडली तरी त्यांना कोणी भेटत नाही. लडाखच्या वर्णनांत हा दोष ठळक होतो. मनाली-लेह रस्ता १९८९ साली सर्वसामान्य प्रवाशांना खुला झाला, आणि तेव्हापासून खिंडींच्या उंचीचे आकडे हेच पुष्कळ लेखांचे कथानक होऊन बसले आहे. खारदुंग ला १८,३८० फूट उंच आहे, हे तेथील फलकावरचे विधान मराठीत किती वेळा छापले गेले असेल कोण जाणे! मोजणीप्रमाणे ती खिंड १७,५८२ फूट भरते. आठशे फुटांनी कोणाचा अनुभव उणा होत नाही. परंतु लेखकाने अनुभवाऐवजी फलक उतरवून घेतला, एवढे त्यावरून कळते.

सापुताऱ्याच्या रस्त्याची कथा तर अजून सांगायचीच आहे. डांगची जंगले इंग्रजांनी १८४२ मध्ये भिल्ल राजांकडून खंडाने घेतली ती सागासाठी. बिलीमोऱ्याहून वघईपर्यंत बडोदे संस्थानाने घातलेली अरुंद रेल्वेही लाकूड डोळ्यांपुढे ठेवूनच आली. आपण ज्या प्रदेशात हौसेने वळणे घेतो तो असा उघडला गेला. इ. स. १६७० मध्ये दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना शिवाजी महाराज बागलाणातून गेले आणि वणी-दिंडोरीजवळ त्यांनी दाऊदखानाशी लढाई दिली. एवढे मात्र लेखांतून न चुकता येते. लाकूडतोड्या येत नाही. वघईच्या चहाच्या टपरीवर स्वार हेल्मेट काढतो तेव्हा जी बोली त्याच्या कानी पडते, तिला ग्रिअर्सनने खानदेशीच्या पोटात घातले होते. ती मराठी की गुजराती यावर डांग १९६० साली गुजरातेत जाईपर्यंत किती वाद झाले! खानदेशी आईच्या मुलाला ती अर्धी तरी समजते. सुरतेपासून वणीपर्यंत वाक्यागणिक बदलत जाणारी भाषा कानांनी टिपण्याची अशी सोय बंद काचेच्या मोटारीत बसलेल्याला नाही. तरी आमचा लेखक टपरीवर 'गरमागरम चहाचा आस्वाद' घेतो आणि पुढे निघतो.

शब्दांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण येथे दोष आम्हां शिक्षकवर्गाकडे येतो. ही मुले आपापसांत किक, क्लच, डबलसीट, पंक्चर असे बोलतात आणि लिहिताना 'दुचाकीने प्रस्थान' करतात. इंग्रजी शब्द निबंधात आला की त्याखाली लाल रेघ ओढणारे हात आमचेच. घाट, खिंड, बारी, दरड, कठडा हे शब्द आपल्याजवळ आहेतच. त्यांच्या शेजारी क्लच बसला तर मराठी बाटणार नाही.

कालेलकर साताऱ्याचे, मातृभाषा मराठी, आणि हिमालयाचा प्रवास त्यांनी लिहिला गुजरातीत. गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटले. गुजरातला त्यामुळे उत्तम प्रवासवर्णन मिळाले, याचा विषाद मानण्याचे कारण नाही. पण सुरतेतील मराठी तरुण आज ज्या भाषेत लिहू पाहतो आहे ती मराठी आहे, आणि तीत तो किती काळ लिहील हे सांगता येत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्याच्या लेखातील वसुंधरेचा शालू अवश्य कापावा, आणि तेलाच्या डागाचे वाक्य आले असेल तर ते ठेवावे.