नितळ त्वचेचे सौंदर्यशास्त्र

सौंदर्य म्हणजे काय, हा प्रश्न दलित साहित्याने मराठी समीक्षेला विचारला त्याला अर्धशतक उलटून गेले. मध्यमवर्गाच्या अभिरुचीला जे रुचते तेच सुंदर, हा दावा आपण नाकारला. शरद पाटील यांचे ‘अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ मध्ये आले, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ १९९६ मध्ये. या चर्चेचा विषय साहित्यकृती हा होता आणि ते स्वाभाविकच होते. परंतु जे सौंदर्यशास्त्र पुस्तकात हरते ते बाजारात जिंकू शकते. कवितेतून हद्दपार केलेली मूल्ये क्रीमच्या डबीत बसून आपल्याच घरातल्या फळीवर येऊन बसतात. म्हणून चेहरा मुलायम करणारी क्रीम विकत घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न मी समीक्षेचा प्रश्न मानते.

हा प्रश्न मला सुचलेला नाही, तो मला विचारला गेला. मी महाविद्यालयात मराठी शिकवते. वसतिगृहात राहणाऱ्या, शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या एका मुलीने तास संपल्यावर विचारले, “मॅडम, एका डबीत माझ्या महिन्याच्या बसपासाचे पैसे जातात. पण पुढच्या महिन्यात मुलाखत आहे. घेऊ का?” या प्रश्नाची थट्टा करणे सोपे आहे. ‘चळवळीतल्या मुलीला हे शोभते का’ असे म्हणून तिला गप्प करणे त्याहून सोपे. परंतु जिच्याजवळ पैसे मोजके आहेत तिला वस्तूची किंमत नीट कळली पाहिजे. उपदेश देऊन तिचे काम भागत नाही.

आपण कवितेला विचारतो तेच प्रश्न डबीला विचारू. कोण बोलतो आहे? कोणाला उद्देशून? काय सांगितले जाते आणि काय दडवले जाते?

डबीला दोन बाजू असतात. पुढची बाजू विशेषणांत बोलते : नितळ, मुलायम, तजेलदार, उजळ. मागची बाजू बारीक अक्षरांत, नामांत बोलते : पाणी, ग्लिसरीन, स्टिअरिक आम्ल, डायमेथिकोन. पुढची बाजू जाहिरात लिहिणाऱ्याने लिहिलेली असते, मागची बाजू कायद्याने लिहवून घेतलेली असते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्का वा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कोणत्याही क्रमाने. म्हणजे ज्या दुर्मिळ अर्काचे चित्र पुढे मोठे काढलेले असते त्याचे नाव मागे यादीच्या तळाशी सापडले, तर काय समजायचे ते वाचकाने समजावे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने तर मूळ भेदच सांगून ठेवला आहे. जे रोग बरा करते ते औषध. जे स्वच्छ करते, आकर्षक करते, रूपात बदल करते ते प्रसाधन. डबीची पुढची बाजू या दोहोंतील सीमारेषा पुसत असते.

मागची बाजू वाचता आली म्हणजे क्रीम काय करते ते कळते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. त्यातले पाणी उडून गेले की कडा वर येतात आणि हाताला खरखर लागते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. तेल, मेण, पेट्रोलियम जेली पाणी उडू देत नाहीत. डायमेथिकोनसारखी सिलिकोने बारीक खाचा भरून काढतात, त्यामुळे लावताक्षणी बोट घसरते. चेहरा धुतला की ती गुळगुळीतता पाण्याबरोबर जाते. मुलायमपणाचे मुख्य काम एवढेच आहे आणि ते स्वस्त पदार्थ करतात. पाणी उडू न देण्याच्या बाबतीत साधी पेट्रोलियम जेली महागड्या क्रीमपुढे हार जात नाही. चेहऱ्याला ती चिकट वाटते, तेलकट त्वचेला साधी, बिनवासाची, पातळ क्रीम अधिक बरी, हा सोयीचा भाग झाला. नायसिनामाइडसारखे काही घटक त्वचेच्या रंगद्रव्याचे पेशींत जाणे थोडे मंद करतात, हेही खरे. परंतु तो परिणाम मर्यादित असतो. जन्माचा वर्ण त्याने बदलत नाही. मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हातील अतिनील किरणांपासून शरीराला वाचवणारी ढाल आहे. उन्हात राबणाऱ्याला ती ढाल लाज म्हणून दाखवली जाते, हे या व्यापाराचे पहिले कौशल्य.

जी क्रीम आठवडाभरात चेहरा काचेसारखा करते तिच्याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. बीटामेथासोन, मोमेटासोन यांसारखी स्टेरॉइडे असलेली मलमे आपल्याकडे सर्रास चेहऱ्याला लावली जातात. आरंभी चेहरा खरोखर नितळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाली येते, पुटकुळ्या उठतात, नको तेथे केस येतात आणि मलम थांबवले की चेहरा पेटतो, म्हणून ते पुन्हा लावावे लागते. अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ मध्ये केला. पाऱ्याच्या क्रीमचे संकट याहून गंभीर आहे. केरळातील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये मूत्रपिंडाच्या एका विकाराचे रुग्ण लागोपाठ आढळले आणि डॉक्टरांचा शोध गोरे करणाऱ्या क्रीमपर्यंत पोहोचला. तेव्हा डबीवर निर्मात्याचे नाव, परवाना क्रमांक, घटकांची यादी आणि वापराची मुदत नसेल तर ती फुकट मिळाली तरी घेऊ नये.

येथवर उत्तराचा अर्धा भाग झाला. थंडीत गाल उलत असतील, सोड्याच्या पाण्याने हात फुटले असतील, सिमेंट-चुन्याने बोटांना भेगा पडल्या असतील, तर स्निग्ध मलम ही गरज आहे. तिला चैन म्हणणारा माणूस भांडी घासणाऱ्या, रस्ता झाडणाऱ्या, विटा वाहणाऱ्या बाईचे हात कधी पाहत नसावा. साधी, स्वस्त, यादी छापलेली क्रीम अवश्य घ्यावी. ते पैसे वाया जात नाहीत.

परंतु डबीत दोन वस्तू असतात. एक स्निग्ध पदार्थ, दुसरी लाज. स्निग्ध पदार्थ थोड्या पैशांत मिळतो. वरचे पैसे बव्हंशी लाजेचे असतात.

ही लाज कशी तयार होते ते जाहिरातीच्या कथानकातून दिसते. ‘फेअर अँड लव्हली’ ही क्रीम हिंदुस्तान लिव्हरने १९७५ मध्ये बाजारात आणली. तिची एक जाहिरात पुष्कळांना आठवत असेल. घरात पैशांची ओढ आहे. मुलगा असता तर कमावता झाला असता, असे वडील बोलून जातात. सावळी मुलगी ते ऐकते. ती क्रीम लावते, गोरी होते, विमानात हवाई सुंदरीची नोकरी मिळवते आणि वडिलांचे डोळे भरून येतात. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने अशा जाहिरातींविरुद्ध तक्रारी केल्या आणि २००३ मध्ये त्या बंद झाल्या. कथा म्हणून ही रचना पाहावी. दारिद्र्य खरे आहे, बेकारी खरी आहे, मुलगी नकोशी असणे खरे आहे. या तिन्ही सामाजिक दुःखांचे कारण शेवटी मुलीच्या कातडीत आणून ठेवले आहे. नोकऱ्या का नाहीत हा प्रश्न कथेत उमटतच नाही. दुःख समाजाचे, दोष देहाचा आणि उपाय दुकानात, असा हा साचा आहे.

पुरुषांनाही या साच्यातून सूट नाही. इमामी कंपनीने २००५ मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणली. दिल्लीच्या एका ग्राहकाने ७९ रुपयांना ती घेतली, वापरली, गोरेपणा आला नाही म्हणून २०१३ मध्ये तक्रार केली. डिसेंबर २०२४ मध्ये जिल्हा ग्राहक आयोगाने कंपनीला १४.५० लाख रुपयांचा दंड केला. कंपनीचा बचाव वाचण्यासारखा आहे : योग्य वापराबरोबर सकस आहार, व्यायाम, निरोगी सवयी हेही हवे. या अटी वेष्टनावर पूर्ण सांगितलेल्या नव्हत्या, हे आयोगाने दाखवून दिले. गोरेपणाचे आश्वासन ठळक अक्षरांत होते, अटी न्यायालयात उघड झाल्या.

२०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर काळ्या माणसांचे आंदोलन उसळले. त्या वातावरणात ‘फेअर’ हा शब्द अवघड झाला आणि क्रीमचे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. आपल्या देशातील स्त्रिया वर्षानुवर्षे हेच सांगत होत्या. ऐकू आले ते तिकडचा आवाज मोठा झाल्यावर. गोरा हा शब्द मागे गेला आणि नितळ, तेजस्वी, मुलायम हे शब्द पुढे आले. शब्द बदलला म्हणून लाज बदलली असे मानायचे कारण नाही. मुलायम हात कोणाचे असतात? ज्याला ऊन, राख, चुना, घाण हातात घ्यावी लागत नाही त्याचे. खरखरीतपणा हा श्रमाचा पुरावा आहे आणि आपल्या समाजात श्रमाची वाटणी जातीने केली. नितळपणाची ओढ निष्पाप वाटली तरी तिच्या मुळाशी ही वाटणी आहे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. बाबासाहेबांनीच तर आपल्याला नीटनेटके राहायला सांगितले. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना सांगितले की अस्पृश्यतेची खूण पटवणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, हातापायांतले ते ओझ्याचे दागिने टाका, स्वच्छ राहा. मग क्रीमने काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये आहे. महार स्त्रीला लुगड्याचा काठ दिसेल असे नेसता येत नसे, तो निऱ्यांत दडवावा लागे. काठ मिरवण्याचा मान वरच्या जातींचा. म्हणजे पेहराव ही जातीने लादलेली खूण होती. लादलेली खूण टाकून देणे हा विद्रोह होता. म्हणून छान साडी नेसणे, केस विंचरणे, आरशात पाहून स्वतःवर खूश होणे यात आपल्या परंपरेला वावगे काही नाही. परंतु कातडी कोणी लादलेली नाही. लुगडे बदलले की बाई मोकळी होते. कातडीच खूण मानली की तिला स्वतःच्या देहातच कैद व्हावे लागते. महाडने खूण टाकायला शिकवले, डबी देहालाच खूण मानायला शिकवते. हा भेद विसरता कामा नये.

शिवाय गोरा तो वरचा आणि काळा तो खालचा, हे खरेही नाही. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात बाबासाहेबांनी नाकाच्या मोजमापांचे आकडे तपासून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे नाहीत, असा निष्कर्ष काढला. समाजालाही हे ठाऊक आहे. काळा ब्राह्मण आणि गोरा अस्पृश्य यांचा भरवसा धरू नये, अशा अर्थाची म्हण उत्तर हिंदुस्थानात आहे. रंगावरून जात ओळखता येत नाही याची ती कबुलीच आहे. ओळखता येत नाही म्हणून तर संशय. आणि महाराष्ट्र ज्या देवासाठी पंढरपूरला चालत जातो तो देव काळा आहे. काळा देव चालतो, काळी सून चालत नाही.

हे दुसऱ्यांना सुनावून थांबता येणार नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांतले परिचयपत्रक हातात घेऊन पाहा. नाव, शिक्षण, नोकरी, उंची आणि त्यानंतर एक रकाना : वर्ण. त्यापुढे गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मंचावर जातिअंताचे भाषण, आणि हातातल्या कागदावर वर्ण! २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली, तरी तिचा हा एक शब्द आपण रकाना आखून जपला आहे. बी.एड. झालेली मुलगी या रकान्यापाशी अडते, मग तिची आई डबी आणते. त्या आईला दोष देण्यात अर्थ नाही. तिने बाजाराचा भाव ओळखला आहे. भाव ठरवणारे आपण आहोत.

त्या विद्यार्थिनीला मी इतकेच सांगितले की गाल उलत असतील तर साधी क्रीम घे, उरलेल्या पैशांत बसचा पास काढ, आणि मुलाखतीत चेहरा पाहून कोणी नाकारले तर तो दोष तुझ्या चेहऱ्याचा नाही. क्रीमपुरते हे उत्तर पुरेसे आहे. परंतु दोष ज्यांचा आहे त्यांच्याशी भांडण एकट्या मुलीने कसे करावे? ते चळवळीचे काम आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच कागदापासून करता येईल. पुढच्या मेळाव्याची पत्रके छापण्यापूर्वी वर्णाचा रकाना कार्यकर्त्यांनी काढून टाकावा. त्याला खर्च येत नाही; उलट शाई वाचते.