बेसिकच्या बोलींची निवड : कमोडोर ६४ च्या संदर्भात एक चिकित्सा

बेसिक ही संगणकभाषा जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ साली अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात सिद्ध केली. विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यालाही संगणक हाताळता यावा, हा तिचा मूळ हेतू होता. सत्तरच्या दशकात ही भाषा घरगुती संगणकांत उतरली तेव्हा प्रत्येक उत्पादकाने तिला आपल्या यंत्राच्या स्मृतीच्या मापात बेतले आणि एका भाषेच्या अनेक बोली झाल्या. मूळ निर्मात्यांना हे रुचले नाही. १९८५ च्या 'बॅक टू बेसिक' या पुस्तकात त्यांनी या स्थित्यंतराकडे भाषेचा ऱ्हास म्हणूनच पाहिले. जुना घरगुती संगणक अभ्यासासाठी वा हौसेने पुन्हा सुरू करणाऱ्यापुढे मात्र आजही पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच, की कोणत्या बोलीत लिहावे? याचे उत्तर बहुधा आज्ञांची संख्या मोजून दिले जाते. ते अपुरे आहे. यंत्राचा कोणता भाग लिहिणाऱ्याच्या दृष्टीस पडावा आणि लिहिलेली आज्ञावली कोणाच्या यंत्रावर चालावी, या दोन्ही गोष्टी बोलीच्या निवडीतच ठरून जातात.

कमोडोर ६४ हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. १९८२ साली बाजारात आलेल्या या संगणकाची चित्र व ध्वनी यांची क्षमता त्या काळात असामान्य होती. पण त्याच्या कायमस्मृतीत बसवलेल्या बेसिक व्ही-२ मध्ये ना चित्र काढण्याची आज्ञा होती, ना सूर लावण्याची. मायक्रोसॉफ्टकडून एकरकमी मोबदल्यात घेतलेले जुनेच बेसिक कमोडोरने येथे पुन्हा वापरले. याच कंपनीच्या आधीच्या पेट संगणकांवरील बेसिक ४.० मध्ये डिस्क हाताळण्याच्या आज्ञा होत्या. नव्या यंत्रात त्याही गाळल्या गेल्या. परिणामी डिस्कवरील धारिकांची यादी पाहू गेल्यास ती आज्ञावली म्हणूनच स्मृतीत उतरते आणि आधी लिहिलेले सर्व पुसून टाकते. चलांच्या नावांतील पहिली दोनच अक्षरे ओळखली जातात. 'स्कोअर' हे नाव तर चालतच नाही, कारण त्याच्या रोमन स्पेलिंगमध्ये 'ऑर' ही आज्ञा दडलेली आहे. खेळ लिहू पाहणाऱ्याची पहिली अडचण अशी गुण मोजण्यापासूनच सुरू होते.

पडद्यावर एक स्प्राइट, म्हणजे स्वतंत्रपणे हलणारी छोटी आकृती, आणायची झाल्यास व्ही-२ मध्ये काय करावे लागते ते पाहण्यासारखे आहे. २४ बाय २१ ठिपक्यांची आकृती कागदावर काढून तिचे ६३ आकडे करायचे, ते 'डेटा' ओळींत लिहून 'पोक' आज्ञेने स्मृतीत एकेक करून टाकायचे, आकृतीचा पत्ता २०४० व्या घरात नोंदवायचा आणि तिचे आडवे स्थान ५३२४८ मध्ये भरायचे. येथवर केवळ कष्ट आहेत. पण एका घरात २५५ पर्यंतचीच संख्या मावते आणि पडदा त्याहून रुंद आहे. त्यामुळे आकृती उजवीकडे सरकत २५५ ओलांडते तेव्हा नववा बिट ५३२६४ या घरात वेगळा ठेवावा लागतो. त्या घरात आठही स्प्राइटांचे बिट एकत्र नांदतात. इतरांना धक्का न लावता आपला तेवढा बदलण्यासाठी 'अँड' आणि 'ऑर' यांचे बिटांवरील कार्य समजून घ्यावे लागते.

या अनुभवावरूनच व्ही-२ चे एक समर्थन रूढ झाले आहे. भाषा दरिद्री असल्यामुळे लिहिणारा यंत्राच्या अंतरंगात शिरला आणि खरा संगणकज्ञ झाला, असा हा युक्तिवाद. त्यात तथ्यांश आहे, पण तो अर्धाच. नवव्या बिटाचे गणित ज्याने स्वतः सोडवले तो निश्चितच शिकला. तथापि नियतकालिकांत छापलेल्या आकड्यांच्या रांगा निमूटपणे टंकित करणारा वाचक काय शिकत होता? 'कम्प्यूट्स गॅझेट' या मासिकाने १९८३ मध्ये प्रत्येक ओळीची बेरीज पडताळणारी 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' ही आज्ञावली दिली. ती उपयुक्त होती यात शंका नाही. पण आकडा बरोबर उतरला की नाही एवढेच ती सांगे, त्याचा अर्थ नव्हे. अर्थ न कळता केलेले पठण वेदांचे असो वा 'पोक'चे, त्याला आकलन म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय सायमन्स बेसिकचा. डेव्हिड सायमन्स या १६ वर्षांच्या ब्रिटिश मुलाने लिहिलेली ही विस्तारित बोली कमोडोरने १९८३ मध्ये कार्ट्रिजच्या रूपात विकली. तीत ११४ नव्या आज्ञा आहेत. स्प्राइट घडवण्यासाठी 'डिझाइन' आहे, रेषा आणि वर्तुळे आहेत, 'रिपीट-अंटिल' आहे, नाव दिलेल्या कार्यपद्धतीही आहेत. त्यापोटी मोकळी स्मृती ३८,९११ बाइटवरून ३०,७१९ वर येते. नेमके ८ किलोबाइट खर्ची पडतात. परंतु खरी उणीव स्मृतीची नाही. कार्यपद्धतींना बाहेरून मूल्ये देता येत नाहीत. ओळींचे क्रमांक बदलणारी 'रिनंबर' ही आज्ञा 'गोटू' आणि 'गोसब' यांच्यापुढील जुने आकडे तसेच सोडते. आणि पाया व्ही-२ चाच असल्याने 'स्कोअर' हे नाव येथेही निषिद्धच राहते. घर वाढवले, पण जोते तेच, अशी ही स्थिती आहे.

संपन्नता आणि यंत्राची ओळख यांत विरोध असलाच पाहिजे, हे गृहीतक बीबीसी मायक्रोने १९८१ मध्येच खोटे ठरवले होते. सोफी विल्सन यांनी रचलेल्या बीबीसी बेसिकमध्ये मूल्ये स्वीकारणाऱ्या कार्यपद्धती, स्थानिक चले आणि पूर्ण लांबीची नावे होती. शिवाय चौकटी कंसात थेट यंत्राची असेम्ब्ली भाषा लिहिण्याची सोय होती. विद्यार्थी वरच्या मजल्यावर राहून तळघरात उतरू शकत असे. भारतात १९८४ मध्ये सुरू झालेल्या 'क्लास' या शालेय संगणक-साक्षरता प्रकल्पात हेच यंत्र वापरले गेले. तेथील मुलांची संगणकाशी ओळख झाली ती या बोलीतून, हे भाग्यच म्हणावे लागेल. अर्थात बीबीसीच्या मॉडेल बी यंत्रात स्प्राइट नव्हते, आणि रंगीत चित्रपद्धतीत ३२ किलोबाइटपैकी २० किलोबाइट पडद्यालाच लागत. भाषा श्रीमंत आणि यंत्र काटकसरीचे. कमोडोरमध्ये नेमके उलटे.

मग कमोडोर ६४ वर आज कोणती बोली निवडावी? पूर्वी सायमन्स बेसिकवरील मुख्य आक्षेप असा होता की, ज्याच्याकडे कार्ट्रिज नाही त्याच्या यंत्रावर आज्ञावली चालत नाही. यंत्राची नक्कल करणाऱ्या इम्युलेटरमुळे तो आक्षेप आता बराच क्षीण झाला आहे. आजच्या संगणकावर लिहून कमोडोरच्या यंत्रभाषेत रूपांतर करणारी संकलकेही उपलब्ध आहेत. त्यांत वेग मिळतो, ओळींच्या क्रमांकांतून सुटका होते. मात्र 'रन' म्हणताच जुन्या यंत्राने दिलेले तत्काळ उत्तर हरवते. जुने यंत्र ज्यासाठी चालू केले ते तात्कालिक संभाषणच गेले, तर संकलक निवडणाऱ्याला जुन्या यंत्राची गरज कशासाठी, असा प्रश्न पडतो. खेळ पूर्ण करून इतरांना द्यायचा असेल, तर संकलकाची निवड समर्थनीय ठरते. शिकायचे असेल, तर व्ही-२ मध्ये एकच स्प्राइट २५५ च्या पलीकडे नेऊन पाहावा आणि तेवढे साधल्यावर सायमन्सचे कार्ट्रिज लावावे. 'डिझाइन' ही एक आज्ञा कोणते ६३ आकडे गिळून बसली आहे, हे तेव्हा आपोआप दिसू लागते.