साम्राज्याचे आकर्षण आणि सीमेवरचे मन

इतिहासाची विद्वत्ता ललित कृतीत उतरते तेव्हा ती बहुधा तपशिलांची सजावट होऊन बसते. आर्केडी मार्टिन यांच्या 'अ मेमरी कॉल्ड एम्पायर' (२०१९) या ह्यूगो पुरस्कारप्राप्त विज्ञान-कादंबरीत मात्र ती कथनाची रचनाच ठरवते. मार्टिन हे बायझंटाइन इतिहासाच्या अभ्यासक अ‍ॅनालिंडेन वेलर यांचे टोपणनाव. २०१४ साली त्यांनी रटगर्स विद्यापीठाला सादर केलेला प्रबंध राजधानीपासून दूर वावरणाऱ्या बायझंटाइन अधिकाऱ्यांविषयी आहे. कादंबरीत ही दिशा उलटते : केंद्राचा माणूस सीमेवर जात नाही, सीमेवरची महित द्झमारे ही राजदूत केंद्रात येते.

टेइश्कलान साम्राज्याच्या भाषेत नगर, जग आणि साम्राज्य यांना एकच शब्द आहे. कॉन्स्टँटिनोपलला नुसते 'नगर' म्हणणाऱ्या आणि परक्यांना रानटी ठरवणाऱ्या बायझंटाइन दृष्टीचे हे तर्कशुद्ध टोक होय. काव्यरचना ही तेथे दरबारी प्रतिष्ठेची अट आहे. सैन्याने सेनापतीचा जयघोष करून सिंहासनावर दावा सांगणे हेही बायझंटाइनच. परंतु संख्या आणि वस्तू जोडून केलेली व्यक्तिनामे मेसोअमेरिकेतील 'आठ हरीण' या मिक्सटेक राजाच्या नावाची आठवण देतात. म्हणजे हे साम्राज्य एखाद्या मूळ नमुन्याची प्रतिकृती नव्हे. तो विचारपूर्वक साधलेला संयोग आहे.

महितच्या ल्सेल स्थानकामागे आर्मेनिया आहे. 'ल्सेल' हे आर्मेनियन भाषेत 'ऐकणे' या अर्थाचे क्रियापद आहे, हे येथे लक्षात घ्यावे. आनीचा राजा दुसरा गागिक याला कॉन्स्टँटिनोपलला बोलावून अडकवून ठेवण्यात आले आणि १०४५ मध्ये त्याचे राज्य बायझंटियमने गिळले. १०६४ मध्ये आनी सेल्जुकांच्या हाती पडले. महितजवळ पूर्वसुरी राजदूताची स्मृती यंत्ररूपाने आहे, पण ती पंधरा वर्षे जुनी. परंपरा जपणाऱ्या लहान समाजाची ही खरी अडचण आहे : स्मृती असते, ती वर्तमानाला पुरत नाही. त्यातच महितचे साम्राज्याच्या काव्यावर निस्सीम प्रेम आहे. जी संस्कृती आपल्याला गिळू पाहते तिच्याच भाषेत आपली अभिरुची घडली, हा पेच वसाहतोत्तर समीक्षेला परिचित आहे. तो आधुनिक वसाहतवादापूर्वीच्या साम्राज्यातून उभा करणे, हे या कादंबरीचे योगदान.

तरीही एक आक्षेप नोंदवावा लागतो. परग्रहवासीयांच्या धोक्याची माहिती देऊन महित आपल्या स्थानकावरचे सामिलीकरण टाळते. आनीला अशी सुटका लाभली नाही; आनीच्या विनाशावरचा अरिस्ताकेस लास्तिवेर्त्सी या अकराव्या शतकातील आर्मेनियन इतिहासकाराचा विलाप त्याची साक्ष आहे. कादंबरी राजवाड्यातच वावरते. आधीच गिळल्या गेलेल्या प्रांतांचा आवाज तिच्यात जवळजवळ नाही. साम्राज्याचे आकर्षण तिने जितक्या बारकाईने रेखाटले, तितक्या बारकाईने त्याची किंमत मोजलेली नाही. इतिहासकाराला ठाऊक असलेला शेवट कादंबरीकाराने बदलला. त्यामुळे कृती आशादायी झाली, पण तिच्या प्रश्नाची धार काहीशी बोथट झाली, असे म्हणावे लागते.