मृतांच्या यादीतील एक नाव : ‘उसने कहा था’मधील सैनिकाचे जीवन

प्रस्तावना

युद्धात मरण पावलेल्या सामान्य सैनिकाची सरकारी नोंद एका ओळीत संपते. पलटण, हुद्दा, नाव आणि मृत्यूचे कारण एवढाच तपशील तीत असतो. पहिल्या महायुद्धात ७० हजारांहून अधिक भारतीय सैनिक मरण पावले. त्यांपैकी बहुतेकांच्या वाट्याला एवढेच आले. फ्रान्समधील नव्ह शापेल येथील १९२७ सालच्या स्मारकावर, ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. नावांमागील आयुष्य तेथे नाही. या पार्श्वभूमीवर चंद्रधर शर्मा गुलेरी (१८८३–१९२२) यांची ‘उसने कहा था’ ही हिंदी कथा महत्त्वाची ठरते. ‘सरस्वती’ मासिकात ती १९१५ साली, युद्ध चालू असतानाच, प्रसिद्ध झाली. उदात्त प्रेमकथा म्हणून ती प्रामुख्याने वाचली गेली. परंतु सरकारी नोंदीतून निसटलेल्या जीवनाचा शोध म्हणूनही तिचा विचार होणे आवश्यक आहे.

कथेची रचना

कथेचा आरंभ अमृतसरच्या बाजारात होतो. बारा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी दुकानात भेटतात. दुसऱ्या भागात वाचक थेट खंदकात येतो. जमादार लहनासिंग आजारी बोधासिंगला आपली ऊबदार वस्त्रे देतो, वेषांतर केलेल्या जर्मन अधिकाऱ्याला ओळखतो, जखमी होतो आणि स्वतःची जखम लपवून सुभेदार हजारासिंग व बोधासिंग या पितापुत्रांना रुग्णवाहिकेतून पाठवतो. या त्यागाचे कारण शेवटच्या भागात, मरणोन्मुख लहनासिंगच्या स्मृतींतून उलगडते. सुभेदारणी हीच ती मुलगी. पती व पुत्राच्या रक्षणाची याचना तिने केलेली असते.

याच स्मृतींत जमिनीचा खटला, पुतण्या आणि त्याच्या जन्माच्या महिन्यात लावलेले आंब्याचे झाडही येते. त्यामुळे लहनासिंग केवळ आदर्श प्रेमिक राहत नाही. तो पंजाबचा शेतकरी म्हणून उभा राहतो. त्यानंतर वर्तमानपत्रातील मृतांच्या यादीतील त्याची नोंद येते आणि कथा संपते. ही नोंद आरंभी आली असती तर ती केवळ माहिती ठरली असती. संपूर्ण आयुष्य जाणून घेतल्यावर ती वाचताना तिचे अपुरेपण प्रत्ययास येते. त्या नोंदीत असत्य काहीच नाही. तरीही त्या मृत्यूचा अर्थ तीत नाही. विशेष म्हणजे हा अर्थ सुभेदारालाही कळत नाही. त्याच्या प्रश्नाला लहनासिंग उत्तर देत नाही. साक्षीदारालाच जे अज्ञात, ते दप्तरात कसे सापडणार?

मर्यादा

सुभेदाराला सरकारकडून लायलपूर येथे जमीन मिळाल्याचा उल्लेख सुभेदारणीच्या बोलण्यात येतो. जमीन आणि स्वामिनिष्ठा यांचा वासाहतिक व्यवहार त्यातून सूचित होतो. मात्र कथा त्याची चिकित्सा करीत नाही. परक्या साम्राज्यासाठी आलेला मृत्यू वैयक्तिक वचनपूर्तीच्या तेजात झाकला जातो. सुभेदारणीही केवळ लहनासिंगच्या स्मृतीतच बोलते. त्याच्या मृत्यूनंतरचा तिचा शोक कथेबाहेर राहतो.

समारोप

या मर्यादा मान्य करूनही कथेचे मोल कमी होत नाही. सैनिकाच्या जीवनाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकाला दप्तरातून पलटण, हुद्दा आणि दिनांक मिळू शकतो. तो कोणासाठी मेला हे मिळेलच असे नाही. गुलेरी यांनी ती उणीव कल्पनेने भरली आणि शेवटी सरकारी ओळ जशीच्या तशी ठेवून वाचकाला त्या उणिवेची जाणीव करून दिली. यादीतील प्रत्येक नावाकडे थांबून पाहण्यास ही कथा भाग पाडते.