गठ्ठा मतदानाच्या गृहीतकाची मर्यादा : १९६७ चा गोव्यातील जनमतकौल

एखाद्या समाजाच्या राजकीय कलाचा विचार करताना आपल्याकडील विवेचनात एक गृहीतक वारंवार आढळते. जात किंवा धर्म कळला की मत कळते, असे ते गृहीतक होय. लोकसंख्येची टक्केवारी मांडायची, तिलाच मतांची टक्केवारी समजायचे आणि निकालानंतर त्याच आधारे स्पष्टीकरण द्यायचे, ही पद्धत वृत्तपत्रांपुरती मर्यादित राहिलेली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रबंधिकांतही ती रूढ झाली आहे. प्रस्तुत लेखात गोव्याच्या जनमतकौलाच्या आधारे हे गृहीतक तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

१९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर डिसेंबर १९६३ मध्ये विधानसभेची पहिली निवडणूक झाली. तीत दयानंद बांदोडकर यांच्या नेतृत्वाखालील महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात बसला. पहिल्याची भूमिका महाराष्ट्रात विलीनीकरणाची, दुसऱ्याची स्वतंत्र अस्तित्वाची. या विभागणीचे प्रचलित वाचन असे की, हिंदू बहुजन समाज विलीनीकरणाच्या बाजूने आणि ख्रिस्ती समाज विरोधात होता. पक्षांच्या पाठिराख्यांचे स्थूल वर्णन म्हणून हे विधान मान्य करता येईल. परंतु मतदानाचा नियम म्हणून ते टिकत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि संघप्रदेश म्हणून राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ व विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. उरलेली अवैध ठरली. फरक ३४,०२१ मतांचा होता.

आता प्रचलित गृहीतकच खरे मानून हिशेब करू. त्या काळी गोव्यातील ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे ३८ टक्के होती. मतदारयादीतही हेच प्रमाण होते असे धरल्यास ख्रिस्ती मतदार १,४७,००० च्या आसपास येतात. त्यांतील प्रत्येकाने मतदान केले, एकाचेही मत अवैध ठरले नाही आणि एकानेही ‘फुला’ला मत दिले नाही, अशी अशक्यप्राय सवलत दिली, तरी ‘दोन पानां’ची सुमारे २५,००० मते शिल्लक राहतात. ही मते ख्रिस्तेतर, म्हणजे बहुतांशी हिंदू मतदारांचीच असली पाहिजेत. ती विलीनीकरणाकडे गेली असती, तर निकाल उलटला असता. कारण त्यासाठी सुमारे १७,००० मते फिरणे पुरेसे होते. याचा अर्थ असा की, ज्या मतदारांना आपले प्रचलित वर्गीकरण अपवाद ठरवते, त्यांच्याशिवाय हा निर्णय झालाच नसता.

यावर असा आक्षेप घेतला जाऊ शकेल की, हे हिंदू मतदार भाटकार व उच्चवर्णीय असावेत. तसे काही निश्चितच असतील. परंतु गुप्त मतदानाच्या बेरजेतून ही ओळख सिद्ध होत नाही. एक गठ्ठा फुटला म्हणून लगेच दुसरा, लहान गठ्ठा कल्पिणे म्हणजे पुरावा देणे नव्हे. भाषेचा निकषही येथे अपुरा पडतो. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाचा पुरस्कार करीत असताना ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठीतूनच त्याचा विरोध करीत होते. मराठीविषयीचे प्रेम आणि महाराष्ट्रात सामील होण्याची इच्छा या दोन गोष्टी एकरूप नव्हत्या.

याहून उद्बोधक आहे ती पुढील घटना. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता. कौलात पक्षाची मुख्य मागणी फेटाळली गेली. तरीही मार्च १९६७ च्या निवडणुकीत ३० पैकी १६ जागा जिंकून तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. येथे सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. जागा म्हणजे मते नव्हेत. दोन पर्यायांचा कौल आणि अनेक उमेदवारांची निवडणूक यांची थेट तुलना करता येत नाही. तथापि, कौलातील पराभवाने पक्षाचा जनाधार कोसळला नाही, एवढे निःसंशय म्हणता येते. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला दिलेले संरक्षण, गावोगावी निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा आणि बहुजनांना प्रथमच लाभलेला सत्तेतील वाटा या गोष्टींना विलीनीकरणाहून वेगळे मूल्य होते. आपले सरकार कोणाचे असावे आणि आपला प्रदेश कोणाचा असावा, हे दोन प्रश्न मतदाराला निरनिराळे विचारले गेले. त्यांची उत्तरेही निरनिराळी आली.

समाजाचा राजकीय कल असतो, हे नाकारण्याचे कारण नाही. जात, धर्म, भाषा आणि जमिनीशी असलेले नाते मतावर परिणाम करतात. परंतु परिणाम करणे वेगळे आणि मत ठरवून टाकणे वेगळे. गठ्ठा मतदानाची भाषा हा भेद पुसते आणि मतदाराकडून विवेकाचे श्रेय काढून घेते. म्हणून अशा अभ्यासात ‘अमुक समाजाने कोणाला मत दिले’ या प्रश्नाआधी ‘त्या समाजाला नेमके काय विचारले गेले होते’ हा प्रश्न विचारला जाणे अगत्याचे आहे. ३० मे १९८७ रोजी घटकराज्य झालेल्या गोव्याचे भवितव्य अशाच, कोणत्याही तक्त्यात न बसणाऱ्या काही हजार मतांनी घडवले होते.